अण्णांच्या नावाची शेड

काकू, अण्णांची मुलं-सुना, आणि कॉलनीतले सगळे शेजारी,

कामधंदा सोडून इतके जण आलात, बरं वाटलं. बोलायला उभा राहिलो खरा, पण अण्णांविषयी ‘होते’ म्हणताना जीभ अडखळते. सांभाळून घ्या.

अण्णा भरलं आयुष्य जगले. येवल्याहून पंचवटीत आले, एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, नातवंडं खेळवली. थोडंसं आजारपण झालं आणि मागच्या आठवड्यात घरच्या माणसांत शांतपणे गेले. म्हणून मी आज रडायला उभा नाही. आपण बसलोय त्या या मैदानाबद्दल बोलायला उभा आहे.

मैदान म्हणजे काय, कॉलनीची मोकळी जागा. कडेने चालायचा ट्रॅक, मधे पोरांचं क्रिकेट. नव्या लोकांना वाटतं, अण्णा पहिल्यापासून पोरांच्या बाजूचे. छे. पोरांचा खेळ बंद करा, हा पहिला आवाज अण्णांचाच होता. ट्रॅकवर चालताना बॉल लागला, चष्मा फुटला. अण्णा म्हणाले, "इथे एक तर पोरं राहतील, नाहीतर म्हातारे." मीटिंग बोलावली. आपण बहुतेक जण अण्णांच्याच बाजूचे. मैदान पोरांच्या हातून जाणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

त्या मीटिंगला साक्षी आली. तेव्हा शाळेत होती, फास्ट बॉलिंग करायची. म्हणाली, "अण्णा, बॉल हवेतून ट्रॅकवर गेला की बॅट्समन आउट. मग कोण मारेल तिकडे?"

"आणि गेला की नाही हे कोण सांगणार? तुमच्यात एक तरी खरं बोलतो का?"

"नाही बोलत. म्हणून तुम्ही सांगा."

कंडक्टरला कुणी असं कामाला लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा अंपायर म्हणून उभे. बोट वर करायची सवय नाही. ते एसटीतल्या घंटीची दोरी हवेतच ओढायचे. एकदा ओढली, गाडी थांबली, म्हणजे आउट. दोनदा ओढली, चालू द्या. बाहेरची टीम गोंधळायची. आपली पोरं सांगायची, "सिंगल बेल झालीये, चल, उतर." हसा, हसा. अण्णांना चाललं असतं.

मग हळूहळू काय झालं? चालणारे थांबून मॅच बघू लागले. बघता बघता अपील करू लागले. भोंडल्याच्या दिवसांत पोरं आपणहून खेळ लवकर आटपू लागली, कारण अण्णांनी बजावलं होतं, "पुढची गाडी बायकांची आहे." एक जागा, सगळ्यांची. अण्णांनी केलं ते एवढंच. कमी आहे का?

आता, माझ्या आधी महाले सर बोलले. अण्णांच्या स्मरणार्थ इथे मध्यभागी शेड बांधू, खाली पेव्हर ब्लॉक, ज्येष्ठांना बसायला बाकं. सरांचं मन चांगलं आहे. आपल्याकडे माणूस गेला की काहीतरी बांधावंसं वाटतंच. पण आसपासच्या कॉलन्या बघा. जिथे मोकळी जागा होती तिथे प्रेमाने काही ना काही उभं राहिलं, आणि पोरं रस्त्यावर खेळायला गेली. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

ही सूचना कालपासून कानावर होती, म्हणून मी काकूंना विचारलं. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "बांधा की. पाटी मोठी लावा. पोरं वाचतील आणि म्हणतील, म्हातारा जिवंतपणी खेळ बंद करायला निघाला होता, मेल्यावर करून दाखवला."

मी म्हटलं, "काकू, हे सभेत सांगू?"

"सांगा. मी समोरच बसेन."

बसल्या आहेत.

सर, तुम्हीही हसताय, म्हणजे शेडचा विषय मिटला असं धरतो. बाकं जरूर आणू, झाडांखाली, ट्रॅकच्या कडेला ठेवू. मधली जागा मोकळी राहू द्या. आणि पोरांनो, उद्या संध्याकाळी खेळायला या. सुतक घरच्यांना आहे, मैदानाला नाही.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

अण्णा, नमस्कार.