चिंचदरीची झाडलेली वाट

पावसाने यंदाही पाठ फिरविली होती. दवाखान्याच्या बाकावर पाळीची प्रतीक्षा करीत व्यंकटरावशास्त्री माळ ओढीत बसले होते. त्यांच्या एका बाजूस गुडघे सोललेला सुदर्शन, दुसऱ्या बाजूस शेंद्र्याच्या कारखान्यात झाडलोट करणाऱ्या सारजाबाई. आणि दोघांचे बोलणे शास्त्रीबुवांना ओलांडून चालले होते.

"गाडीनं उडवलं का रे, दादा?"

"नाही मावशी, सायकलवरून पडलो काल. डोंगरातली कच्ची वाट, चिटपाखरू नसतं. उतारावर दोन्ही चाकं एकदम बसली."

"काटा?"

"बाभळीचे. वाटभर सडा! दर रविवारी जातो, आजवर एक काटा लागला नव्हता."

"कोन्ती वाट म्हनायची?"

"देवगावच्या पुढं, चिंचदरीची. ओस गाव आहे ते."

"ओस नाय रे, माहेर हाय माझं. हिरी आटल्या, समदे हिकडं कामाला आले. बा तेवढा नाय आला."

"फेटेवाले आजोबा? शेळ्या राखतात ते? हात करतात मला!"

"व्हय, त्योच. म्हनतो, सायकलवालं पोरगं येतंय, त्याच्यासाठी वाट झाडतो. लई हसतो आम्ही. रोज सकाळी झाडतो, काटा म्हून ठेवत नाय."

शास्त्रीबुवांच्या बोटांतील माळ थांबली.

"काल हात केला का रं त्यानं?"

"मी... पडलो ना मावशी. लक्ष नव्हतं."

"शेळ्या?"

"ओरडत होत्या. कोंडलेल्याच होत्या."

"सारजाबाई, आत या!" डॉक्टरांच्या खोलीतून हाक आली.

"दादा, देवगावची गाडी आता मिळंल का रं?"

शास्त्रीबुवांनी पाय आखडून घेतले आणि बाहेरच्या दाराकडे निघालेल्या सारजाबाईंना वाट करून दिली.