महानंदा ऊर्फ वैशाली

नमस्कार. पुढं या गं पोरींनो, मागं भिंतीला टेकून उभ्या राहू नका. खुर्च्या रिकाम्या आहेत.

अव्वा, राजशेखरभाऊ, गौरी बाळा, आपल्या हॉस्पिटलचे डॉक्टर, सगळ्या सिस्टर, ब्रदर, मावश्या, मामा, आणि अक्कलकोटकडून आलेले पाहुणे. मी सुलभा. मेडिकल वॉर्डची इन्चार्ज. दोन शब्द बोला म्हणाले, म्हणून उभी राहिले. माणूस गेलं की बोलायचं काम डॉक्टरांचं असतं. आमचं काम नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं. तेवढंच मला येतं. आज बाकावर बसणारी मीच आहे.

त्या फोटोखाली नाव लिहिलंय, सिस्टर वैशाली. बरोबरच आहे. वीस वर्षं सगळं हॉस्पिटल तिला वैशाली म्हणत आलं. पण मी तिला महानंदा म्हणायचे, आणि आज पण तेच म्हणणार आहे. नर्सिंग स्कूलला ती फर्स्ट इयरला आली तेव्हा मी थर्ड इयरला होते. लांब वेणी, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी. वॉर्डाची ड्यूटी लागली त्या पहिल्या आठवड्यात होस्टेलवर रडत होती. मी विचारलं, काय गं, घरची आठवण? तर म्हणाली, "न्हाय सिस्टर, आज इंजेक्शन देताना त्या म्हातारीला लई दुखलं हो." अशी ती. मी तिला तेव्हाच म्हणाले होते, एवढं मन लावून घेतलंस तर तुझं या धंद्यात कठीण आहे.

डिप्लोमा झाला, रजिस्ट्रेशन झालं, आणि लग्न झालं. आता बघा, तिच्या सासूबाईंचं नावसुद्धा महानंदा. सासू आणि सून एका नावाच्या कशा चालतील? म्हणून ताटात तांदूळ पसरले, राजशेखरभाऊंनी अंगठीनं वैशाली लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी होते की त्या लग्नात. पेढे खाल्ले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्या घराघरांत असंच होत आलंय. तुमच्यातल्या निम्म्या बायकांचं असंच झालं असेल.

मग रेशनकार्ड वैशाली, आधार वैशाली, बँक वैशाली, आपल्या हॉस्पिटलचं मस्टर वैशाली. डिप्लोमा तेवढा महानंदा. तो ट्रंकेत होता. तो कशाला कोण बघतंय?

ती परदेशी जायचं कशाला म्हणत होती, ते आधी सांगते. कारण लोक काहीबाही बोलतात. पैशाचा मोह, फॉरेनची हौस. ऐकलंय मी, या आठवड्यातसुद्धा ऐकलंय. ऐका. आपली स्वाती, हिच्या हाताखाली शिकलेली पोरगी, इंग्लंडला गेली. तिचा फोन आला की महानंदा एकच विचारायची. पगार नाही, थंडी नाही. "एका शिफ्टला तुला पेशंट किती?" स्वाती सांगायची, आठ, कधी नऊ, आणि लई होतात म्हणून कुरकुरायची. महानंदा फोन ठेवून आपल्या वॉर्डाकडं बघत बसायची. आपला वॉर्ड तुम्हाला माहीत आहे. खाटा भरलेल्या, खाली गाद्या, आणि दोघी सिस्टर. ती मला म्हणायची, "सिस्टर, एकदा तरी पेशंटजवळ स्टूल घेऊन बसायचं हाय मला. नुसतं बसायचं. काय होतंय विचारायचं आणि त्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं." एवढंच होतं तिचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईची ही हौस. बाकी, लेकीला, गौरीला, तिकडं शिकायला मिळेल, हे होतंच.

मग सुरू झालं. इंग्रजीची परीक्षा. ती बोलण्याची परीक्षा घेतात ना, त्याचा सराव तिनं आपल्या पेशंटवर केला. सांगोल्याचे एक डाळिंबवाले आजोबा ॲडमिट होते. ही रोज सकाळी त्यांच्यापुढं उभी राहून, "हाऊ आर यू फीलिंग टुडे?" आजोबा एकदम खूश. "व्हय व्हय बाई, बरं हाय. तुमचं कसं हाय?" डिस्चार्जच्या दिवशी आजोबांनी आम्हा सगळ्यांना हात हलवून "टुडे, टुडे" केलं. हसा की. ती असती तर तीच पहिली हसली असती.

परीक्षा पास झाली. मग पुण्याच्या एजन्सीतनं एका मुलीचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. "मॅम, हा डिप्लोमा कुणाचा आहे?" ही म्हणाली, माझाच. "पण मॅम, तुम्ही तर वैशाली आहात ना?" व्हय. "मग महानंदा कोण?" ही म्हणाली, मीच. पलीकडच्या मुलीनं फोन होल्डवर टाकला.

एजन्सीनं सांगितलं, लग्नाचा दाखला द्या, त्यात आधीचं नाव असतंच. दाखला होता. पासपोर्टच्या वेळी धाकट्या दिरानं धावपळ करून काढून आणलेला. उघडून बघितला, तर वधूचं लग्नापूर्वीचं नाव या रकान्यात त्यानं लिहिलेलं, वैशाली, आणि पुढं महानंदाच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. त्या दिरावर कुणी रागवू नका. तो आज इथं आलाय, आणि मान खाली घालून बसलाय. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या घरात महानंदा म्हणजे त्याची आई. वहिनी पहिल्या दिवसापासून वैशाली. वहिनीला आधी दुसरं नाव होतं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही.

म्हणजे झालं काय? शिकली ती महानंदा. नोकरी केली ती वैशाली. आणि दोघी एकच आहेत असं सांगणारा एकही कागद जगात नाही. सांगणारी माणसं होती. मी होते, तिला जन्म देणाऱ्या अव्वा होत्या. आम्हाला कोण विचारतंय?

पुढची वर्षं तिची त्यातच गेली. नाईट करायची आणि सकाळी तशीच कचेरीत. प्रतिज्ञापत्र केलं, महानंदा ऊर्फ वैशाली. तिकडच्यांना ऊर्फ कळेना. सरकारी गॅझेटात नावबदल छापून आणला. लग्नाचा दाखला दुरुस्त करायला गेली तर म्हणाले, आधी मूळ अर्जातली चूक कुणाची ते सिद्ध करा. नर्सिंग कौन्सिलनं रजिस्ट्रेशनवरचं नाव बदलून द्यायला वेळ घेतला. तेवढ्यात इंग्रजीच्या परीक्षेची मुदत संपली. तिचे मार्क शिळे झाले. मला सांगा, शिकलेलं इंग्रजी असं शिळं होतं का? परत बसली परीक्षेला. परत पास झाली. आणि दर वेळी पुण्याहून तेच, मॅम, फाईल जुळत नाही. मॅम, अजून एक मिसमॅच निघालाय.

मिसमॅच. हा शब्द तिच्या मनात घर करून बसला. भाजी घेताना सुटे पैसे कमी आले तरी म्हणायची, बघा सिस्टर, मिसमॅच. आम्ही हसायचो. पण ती आतून घाबरलेली होती. एवढी हुशार बाई, दहा पेशंट कोसळले तरी हात न थरथरणारी. कागद म्हटलं की तोंड उतरायचं. तिला वाटायला लागलं होतं, आपण खऱ्याच नाही.

आणि मग जमलं. दुरुस्त केलेले सगळे कागद हातात आले, फाईल जुळली. रजिस्ट्रेशनचा पुढचा टप्पा मोकळा झाला. व्हिडिओवर मुलाखत झाली. तिकडच्या बाईनं विचारलं, तुम्ही एका वेळी किती पेशंट सांभाळता? हिनं खरं सांगितलं. त्या बाईनं म्हणे डोक्याला हात लावला. नोकरी मिळाली. त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटली हिनं. पेढे न्हाय, म्हणाली, पेढे तिकडून पगार झाल्यावर.

त्यानंतर एकच राहिलं होतं. तब्येतीचं. आधी फॉर्म, प्रश्नांपुढं हो किंवा नाही, आणि मग मेडिकल, म्हणजे तपासणी. फॉर्मात एक प्रश्न, रक्तदाब आहे का?

तिला होता. गोळी चालू होती. तिनं लिहिलं, "नाही".

आणि एवढ्यावर थांबली असती तरी आज आपण इथं नसतो. पण तिच्या मनात आलं, हे लोक सगळं हॉस्पिटलला विचारून पडताळतात. शिक्षण पडताळलं, नोकरी पडताळली, आता तब्येत पडताळतील. आपल्याच ओपीडीतनं आपल्याच नावानं गोळ्या जातात. तो मिसमॅच निघाला तर? आता, इतक्या वर्षांनी? म्हणून तिनं गोळ्या बंद केल्या. ओपीडीतनं घेणं बंद केलं, आणि बाहेरून घेतल्या तरी मेडिकलमध्ये रक्तात दिसतील या भीतीनं बाहेरूनही घेतल्या नाहीत. नर्स होती ती. गोळी सोडली म्हणून तिनं किती पेशंटना झापलंय, मी साक्षीदार आहे. तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण कळणं एका बाजूला, आणि ती फाईल एका बाजूला.

स्वातीचा फोन आला परवा. म्हणाली, "मॅडम, मी पण गोळी घेते. मी हो लिहिलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, कोणती गोळी, आणि पुढं गेले. इथं निम्म्या सिस्टर घेतात." फक्त विचारलं, कोणती गोळी.

आता शेवटचं सांगते. हे मी राजशेखरभाऊंना सांगितलंय, तुम्हाला सांगायची परवानगी घेतलीय.

दुपारची वेळ होती. औषधं वाटता वाटता तिनं खाटेचा दांडा धरला आणि खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली. उलटी झाली. आम्ही तिला तिच्याच वॉर्डातल्या खाटेवर घेतलं. डॉक्टरांना हाक मारली. प्रेशर मीच बघितलं. आकडा सांगत नाही, अव्वा बसल्यात. सिस्टर लोकांनी काय ते समजून घ्या. मी केसपेपर ओढला, पेन काढलं. तिनं माझं मनगट धरलं. जीभ जड झाली होती, पण मला प्रत्येक शब्द कळला. "सिस्टर, बी.पी. लिहू नका. मेडिकल व्हायचंय अजून. गोळी बंद केलीय मी. नॉर्मल लिहा."

तिच्या डोक्यात रक्त उतरत होतं, आणि तिला फाईलची काळजी होती.

आपल्या कामात जे दिसलं ते लिहावं लागतं. न लिहून कसं चालेल? नाही लिहिलं तर पुढं आयसीयूत कुणाला काय कळणार? तिनंच तर नवीन पोरींना शिकवलं होतं, आकडा बघितला की आधी लिहा. मी तिचा हात बाजूला केला आणि लिहिलं. ती माझ्या पेनाकडं बघत होती. मी लिहून संपवलं तसं तिनं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. कुणाशीच बोलली नाही. ती रागावली होती, की तेव्हा शुद्धच हरपत होती, हे मला आता कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणतात, शुद्ध हरपत होती. मी मान डोलावते. मला पटत नाही.

पोरींनो, तुमच्यातल्या किती जणींच्या फाईली चालू आहेत मला माहीत आहे. परवापासून येऊन विचारताय, मॅडम, आम्ही जाऊ का नको? मला माहीत नाही गं. जा म्हणायला तोंड नाही, आणि इथंच थांबा म्हणावं तर हा वॉर्ड बघून कोणत्या तोंडानं म्हणू? एक सांगते. काही आजार असला तर हो लिहा. नोकरी जाईल असं वाटलं तरी लिहा. गोळी चुकवू नका. यापुढं माझ्याजवळ द्यायला काही नाही. धीर द्यायचा असतो अशा वेळी, तो माझ्याकडं नाही. अव्वा, माफ करा, तुमच्यासमोर मी खोटं बोलू शकत नाही. तुमची लेक जायला नको होती, आणि ती गेली, आणि त्यातनं कुणाचं काही भलं झालेलं नाही.

महानंदा, माझा तुला नमस्कार.

आता आपण थोडा वेळ शांत उभं राहू या. ज्यांची ड्यूटी सुरू होतेय त्यांनी वॉर्डात जावं, पेशंट वाट बघतायत, त्यांना ताटकळत ठेवलेलं तिला चाललं नसतं. अव्वा, तुम्ही बसून राहा. गौरी, तू पण उठू नकोस बाळा. आजीचा हात धर.