नथमलशेठ पान बघतात

न्हाई न्हाई, सिद्धी न्हाई — माहेरी गेली, जुन्नरला — कधी येईल काय सांगू, येईल तवा येईल. पण गेणभाऊ, तुमी निमगाव साव्यावरनं एवढं लांब आला, टोमॅटोचं पान पिशवीत घालून आणलं, अन् दुकानात पाय टाकल्या टाकल्या विचारता काय, तर सिद्धीताई हायेत का? मी समोर बसलोय की! चाळीस वर्षं झाली या नथमलला मंचरात शेतीची औषधं विकताना. तुमच्या वडिलांनी बटाट्याची पानं याच काउंटरच्या काचेवर पसरली व्हती — अन् तुमाला माझी सून पायजे. बसा. बसा हो, चहा सांगतो.

न्हाई, राग कसला. पोरगी गुणाची हाय, शेतकी कॉलेजातनं शिकून आली, आमच्या संयमचं नशीब. पण घरात येऊन वर्ष झालं न्हाई तर दुकानाची तऱ्हाच बदलली राव! माणूस औषध मागायला येतो, अन् ही त्याला विचारते, मातीत गांडूळ दिसतं का? खतासाठी ताग गाडला व्हता का? कडंनं झेंडू लावा, किडीला पिवळे चिकट सापळे टांगा, आठ दिवस थांबा. थांबा! औषधाच्या दुकानात कुणी थांबा म्हणतं का? बरं, माणसं ऐकतात. हेच मला कळत न्हाई — ऐकतात, अन् परत येतात, ताई, माती कशी भुसभुशीत झाली बघा, म्हणून मूठभर माती कागदात बांधून आणतात. मला चाळीस वर्षांत कुणी माती आणून दाखवली न्हाई. तुमी तरी आणली का कधी? न्हाई ना. मग.

धंद्याचं दुखणं न्हाई हो. सापळे खपतात, निंबोळी अर्क तर पुरत न्हाई. पण दिवाळीच्या सुमाराला ते सोमाजी वालाच्या वेलाचं पान घेऊन आले — वर काळी आळी, पाठीवर नारिंगी ठिपके. मी म्हणालो, मारा, जालीम देतो. अन् ही मागनं म्हणते, पप्पाजी, ती ढालकिड्याची आळी, ती पिकावरचा मावा खाते, ती मारायची नसते. हळूच म्हणाली, मान खाली घालून — पण सात माणसं व्हती दुकानात! सातही जणांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्या दिवसापासनं सगळे तिच्याकडंच बघतात. जीव जळतो माझा, गेणभाऊ. घ्या, बोललो. सुनेवर जळतो मी, या वयात.

मग काय, मीच तिला म्हणालो, सूनबाई, काउंटरला नको बसू, बरं दिसत न्हाई. तिची खुर्ची माडीवर नेऊन ठेवली. ती मागोमाग जिना चढून गेली — भांडली असती तर बरं झालं असतं, निदान मला ओरडता आलं असतं... हां, म्हणजे वरच हाय ती. माहेरी न्हाई. सुटलं तोंडातनं. द्या, ते पान द्या इकडं. थांबा, माझा चष्मा वर राहिला — आलोच.

आलो. चष्मा? खिशातच व्हता. खोटं कशाला बोलू, मी वर चष्म्याला जातच न्हाई. दोन महिने झाले — माणूस पान आणतो, मी चष्म्याचं निमित्त करून माडीवर जातो, बायकोच्या हातात पान देतो, उगमबाई ते आत नेऊन सिद्धीला दाखवते. ती सांगते ते ऐकून खाली येतो अन् माझं म्हणून सांगतो. माणसं म्हणतात, शेठ, तुमी लई बदलला. मी मान डोलावतो. बरं वाटतं, खरं सांगू? लई बरं वाटतं.

आज पान तसंच परत आलं. सूनबाई म्हणते, पप्पाजींनाच सांगू द्या, गिऱ्हाईक त्यांचं हाय. बस, एवढंच. रागानं बी न्हाई म्हणाली म्हणे.

तर हे पान. ही बारीक पांढरी अंडी, केसावर उभी केल्यागत. मारायची का राखायची? माझ्यामागं सगळी बाटल्यांची भिंत हाय, हाताला लागेल ती दिली तरी तुमी न्याल, फवाराल बी. तीस वर्षं मी देईन ते फवारत आलाय. काय हो, तुमच्या रानात गांडूळ दिसतं का? न्हाई? कधीपासनं न्हाई?... असं माझ्याकडं बघू नका.

मला न्हाई कळत, गेणभाऊ. हे पान मला कळत न्हाई.

जिना डाव्या हाताला हाय. चपला खाली काढा, उगमबाईला चालत न्हाई. उठा, जा वर, तिला विचारा — अन् खाली येताना हसत येऊ नका.