टाकीवर थिजलेला अप्पा

चहा घ्या, सांगतो. आमच्या अप्पानं माझ्या धाकट्या भावाशी, मल्लूशी, चार महिने बोलणं टाकलं होतं. कामून? आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं, आन मल्लू कळप सोडून जहाजावर नोकरीला गेला.

हुमनाबादकडल्या आमच्या मेहकर गावात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. दर रविवारी मी तिथं चढून मल्लूचा व्हिडिओ कॉल घेतो. परवा गोडीगुलाबीनं अप्पालाबी वर नेलं.

मल्लूनं भरसमुद्रातून जहाज दावलं. हुमनाबादच्या हायवेला ट्रेलरवर एक कंटेनर आला तरी आपण बाजूला सरतो. इथं तसले हजारो, एकावर एक, पार आभाळाला टेकलेले! पल्याड नुसतं पाणी.

अप्पानं तोंड उघडलं, "एवढ्याला राखायला माणसं किती?"

"वीस-बावीस, अप्पा."

"आन हाकणारा कुठं उभारतो? पुढं?"

"न्हाई, मागं. उंचावर. मी तिथूनच बोलायलोय."

अप्पा जो गप झाला! डोळा लवंना, ओठ हलंना. तिकडून मल्लू ओरडायला लागला, "अण्णा, अप्पाचं चित्र अडकलंय! टावर गेला काय?"

मी फोन हलवून बघितला. फोन ठीक होता, अप्पाच थिजला होता.

"अप्पा, ऐकू यायलंय का?"

"समदं यायलंय," अप्पा हळूच म्हणाला. नजर फोनवरच. "एवढा मोठा कळप, आन आपल्यावानीच मागून हाकायलेत. मग पोरानं आपला धंदा सोडलाय कुठं रं?"