माझं काम अडखळायचं

साळवे वहिनी, प्राचार्य साहेब, आणि हातातलं काम टाकून आलेली तुमी सगळी मंडळी. दारात उभे हायेत त्यांनी आत या. सतरंजीवर जागा हाय. साळवे सरांना कुणी दारात ताटकळलेलं चालत नव्हतं, आजबी चालायचं न्हाय.

सरांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय. सकाळी जळोचीला सरांच्या घरी बुद्धवंदना झाली, तवाच सगळं रडून घेतलं असं वाटलं होतं. न्हाय झालं. आणि हितं, बारामतीच्या या अभ्यासकेंद्रात, बोलणं हे माझं काम कधी नव्हतंच. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांगते. मी सुनंदा मारकड, पळसदेवची. मालक उजनी धरणाच्या पाण्यात जाळं टाकतात. सासऱ्यांच्या वक्ताला घरात मेंढरं होती, मग शेती आली, मग पाणी आलं, मासे आले. आज मी आपल्या इंदापूरच्या केंद्रात शिकवते. पण साळवे सरांनी मला पहिलं काम दिलं ते अडखळायचं. व्हय, अडखळायचं. हसू नका, लई अवघड काम हाय ते.

तुमाला ठाऊकच हाय, ज्यांना रोज कॉलेजात येता येत न्हाय त्यांच्यासाठी हितनं पुस्तिका जातात. घरी वाचायचं, स्वाध्याय लिहायचे, पोस्टानं धाडायचे. धडे लिहिणारे निराळे. सरांचं काम ते धडे तपासायचं. आता दुसरं कुणी असतं तर काना-मात्रा बघून सही ठोकली असती. सर काय करायचे? ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत न्हाय असा माणूस शोधायचे. त्याला खोलीत मधोमध बसवायचे. धडा लिहिणाऱ्याला समोर बसवायचे. आणि म्हणायचे, मोठ्यानं वाचा.

एकच नियम. वाचणारा थांबला की सगळ्यांनी गप्प. सांगायचं न्हाय, समजावायचं न्हाय, खाकरायचंसुद्धा न्हाय. सर फक्त पेन्सिलीनं कडेला खूण करायचे.

मी पहिल्या वर्षाला होते. ओळखपत्रावर माझं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला आले होते. सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "बाई, जरा वाचून दाखवता का?" मी म्हणलं, सर, मला त्यातलं काय कळत न्हाय. तर म्हणाले, "म्हणूनच."

धडा होता आपल्या प्राचार्य साहेबांचा. साहेब, राग मानू नका. मानायचाच असला तर उद्या माना. अर्थशास्त्राचा धडा, मागणीची लवचिकता. मी तिसऱ्या ओळीला थांबले. खोली गप्प. वर पंखा तेवढा कुरकुरतोय. साहेबांचे ओठ हलायला लागले, सरांनी आपल्या तोंडावर बोट ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मीच म्हणलं, सर, मला अक्कल न्हाय. सर म्हणाले, "अक्कल तुम्हाला आहे. या धड्याला नाही."

साहेब उठले आणि चहाला गेले. ते दुसऱ्या दिवशीच परत आले. पण हातात नवा धडा घेऊन आले, हे सांगितलंच पाहिजे. त्यात लिहिलं होतं, चिलापी मासळी महाग झाली की माणसं अंडी खातात, पण मीठ महाग झालं म्हणून कुणी आळणी खात न्हाय. मी एका दमात वाचलं. साहेब लाजत लाजत हसले. तो धडा आजबी पोरी मला तोंडपाठ म्हणून दाखवतात.

सर म्हणायचे, "सुनंदाबाई, मी इथं समजावलं तर धड्याचा दोष माझ्या पाठीआड लपतो. तुम्ही पळसदेवला चुलीपुढं पुस्तिका उघडाल तेव्हा मी असणार आहे का तिथं?" सांगा, कोण असतं तिथं? सासू असते, दूध उतू जात असतं, मास्तर नसतो.

आता माझ्या चुकीचं सांगते. सरांनी ती कधी कुणाला सांगितली न्हाय. ते गेले म्हणून ती झाकून ठेवणं मला शोभायचं न्हाय.

दोन वर्षं पास झाले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. सर मला अजून वाचायला बसवायचे. एकदा एक धडा आला, मला अर्धा कळला न्हाय. पण समोर चार प्राध्यापक. आता बी.ए. व्हायला आलेली बाई थांबते का? मी मान हलवत हलवत, मोठ्या झोकात शेवटापर्यंत वाचला. सरांची पेन्सिल उचललीच गेली न्हाय. धडा छापला. गावोगाव गेला. स्वाध्याय परत आले, तर वडगाव निंबाळकरपासून पळसदेवपर्यंत सगळ्यांनी पुस्तिकेतली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली. कळलं कुणालाच नव्हतं. मला तरी कुठं कळलं होतं.

एक स्वाध्याय आलाच न्हाय. माझ्या धाकट्या जावेचा, रुक्मिणीचा. माझं बघून तिनं नाव घातलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत तिनं पुस्तिका फडताळात सारली आणि म्हणाली, "जाऊबाई, तुमची गोष्ट निराळी. माझं डोकं न्हाय चालत." मी कसं खोटं वाचलं हे तिला सांगायची हिंमत मला झाली न्हाय. चार दिवस मला भाकर गोड लागली न्हाय.

शेवटी सरांना सांगितलं. वाटलं, आता हे बोलतील. बोलायला हवं होतं. सर म्हणाले, "चूक माझी. तुम्ही शिकलात, हे मीच विसरलो. शिकलेल्या माणसाला अडखळायची लाज वाटते. आता अडखळायला दुसरं माणूस हवं." आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस एस.टी.नं पळसदेवला आला. आमच्या ओट्यावर बसला. रुक्मिणीला म्हणाला, "बाई, धडा नापास झालाय, तुम्ही नाही. तो दुरुस्त करायला तुमची मदत पाहिजे." सासूबाई आतनं म्हणाल्या, "ह्यो कसला मास्तर, बाईमाणसाची मदत मागतोय." पण चहाचं आधण त्यांनीच ठेवलं.

ती रुक्मिणी ही बघा, तिसऱ्या रांगेत, डोळ्याला पदर लावून बसलीय. तेव्हापासनं हितला एकबी धडा तिच्या तोंडून गेल्याबिगर छापला न्हाय. औंदा ती शेवटच्या वर्षाला हाय. आणि तिला अजून अडखळायची लाज वाटत न्हाय, ती माझ्यापेक्षा शहाणी हाय.

आता मुद्द्याचं बोलते.

हितला संगणक फोनच्या तारेनं इंदापूरच्या संगणकाला जोडलाय. पोस्टाची वाट बघायला नको. धडा हितनं सुटला की तिथं पडद्यावर उमटतो. गावात त्याला फोनवरचं कॉलेज म्हणतात. चांगली गोष्ट हाय. सरांना तर लई अप्रूप होतं, चष्मा वर ढकलून लहान पोरागत बघत बसायचे. पण ते म्हणायचे, "तार नवी आहे, वाचणारा तोच आहे." मागच्या शनिवारी त्यांनी रुक्मिणीला त्या पडद्यापुढं बसवलं. पहिला धडा. थोडं वाचलं आणि ती थांबली. धड्यात लिहिलं होतं, मागील पानावरील तक्ता पाहा. मागलं पान कुठंय पडद्यात? रुक्मिणी यायच्या आधीच्या जुन्या पुस्तिकेतला धडा उचलून तसाच आत घातलेला. साहेबांनी पटकन बटण दाबायला हात पुढं केला. सरांनी तो हात धरला. म्हणाले, "साहेब, इंदापूरला तुमचा हात नसणार."

मी हे शेवटचं ऐकलं त्यांच्या तोंडून. सोमवारी छातीत दुखायला लागलं. बुधवारी सर गेले.

पहिल्या धड्यावर त्यांची खूण हाय. बाकीचे धडे पडद्यावर कुणी वाचलेले न्हाईत. आणि येत्या सोमवारी उद्घाटन हाय. मघाशी मी साहेबांना बाजूला घेऊन विचारलं, की साहेब, बाकीचे धडे वाचून होईपर्यंत थांबायचं का? साहेब म्हणाले, "बघू. पत्रिका वाटून झाल्यात." आता आमचे मालक बघू म्हणले की मी न्हाय असं समजते. बावीस वर्षांचा संसार हाय, माझा अंदाज चुकत न्हाय.

साहेब, तुमी वाईट माणूस न्हाय. वाईट असता तर चिलापी लिहिली नसती. पण सोमवारी ते धडे तसेच सुटले तर काय होईल ते मी सांगते. तार चांगली चालंल. मशीन चांगलं चालंल. हार घालून फोटो निघंल. आणि तिथं समोर बसलेली एखादी पोर चौथ्या ओळीला थांबंल, आजूबाजूला बघंल आणि मनात म्हणंल, मलाच अक्कल न्हाय. उठून घरी जाईल. ती परत यायची न्हाय. आणि तिच्या ओट्यावर जाऊन बसायला आता साळवे सर न्हाईत.

सर न्हाईत, पण त्यांची रीत हाय. ती कुठं गेलेली न्हाय. मी हाय, रुक्मिणी हाय, हितं बसलेल्या निम्म्या बायका हायेत. आमी आळीपाळीनं बसू. रोज येऊ. उद्घाटन जरा पुढं गेलं तर पत्रिकेवर तारीख हातानं बदलता येते. घरी गेलेली पोर न्हाय बदलता येत.

मला सांगितलंय, शेवटी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगा. पाळूया. पण नुसती मान खाली घालून उभं राहणं सरांना आवडलं नसतं, त्यांना रिकामी शांतता ठाऊकच नव्हती. म्हणून दुसरा धडा मी कागदावर छापून आणलाय. तोबी जुनाच हाय, रुक्मिणीनं बघितलेला न्हाय. ती हितं येऊन वाचंल. आणि जिथं थांबंल तिथं आपण सगळ्यांनी गप्प राहायचं. कितीबी वेळ लागू द्या. कुणी सांगायचं न्हाय, ज्याला येतंय त्यानंबी न्हाय. सरांना माझा तोच नमस्कार.

ये रुक्मिणी. पदर सोड, कागद धर.

वहिनींनी सकाळी मला ही पेन्सिल दिली. सरांच्या खिशातली हाय, त्यांनीच दातानं चावून ठेवलीय. मला वाटलं होतं, ही मीच धरावी. पण मी शिकलेली बाई, माझा भरवसा न्हाय. साहेब, खूण तुमी करा. धराल?

धरली. बसा साहेब, हितंच बसा, समोर.

वाच बाई. सावकाश वाच.