बाळाचं नाव डेलिन

इलोइलो शहरातल्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या गरोदर मारिविकच्या कानावर शेजारच्या, बाळाला घेऊन आलेल्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

“डेलिन? नाव संतांवरून ठेवतात, मग ही कुठली संतीण गं?”

“संतीण नाही, आई. रोडेलमधलं ‘डेल’ आणि माझ्या आनालिनमधलं ‘लिन’.”

“नाव ठेवलंस की काला केलास?”

“मग तुमच्या लेकाचं रोडेल कुठून आलं?”

“सासरे तुझे तेव्हा जहाजावर नोकरीला निघालेले. म्हटलं, त्यांच्या रोहेलिओचं ‘रो’ आणि माझ्या डेलियाचं ‘डेल’ तरी घरात एकत्र नांदू दे.”

“आणि आता बाळाच्या नावात कुणाचं ‘डेल’ आलं?”

“अगंबाई! माझंच की!”

तेवढ्यात नर्सने पुकारलं, “डेलिन!”

मारिविकने पाहिलं, तर सुनेच्या आधी सासूच बाळाला छातीशी धरून उठली होती.

“आलो गं, आम्ही दोघी!”