निशाण वर

…नाही फेमके, संदेश आला की तिथल्या तिथे धावायचं नाही — कॉफी घे, बिस्किट एकच, डब्यावर ट्रूसचं लक्ष असतं — वापरणारा ‘थांब’ म्हणून कंट्रोल-सी दाबतो, ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या इंटरप्रिटरला, प्रोग्रॅमची एकेक सूचना वाचून चालवणाऱ्याला, हटकते, पण कुठल्या क्षणी? तो मेमरी मागत असेल, आवराआवर अर्धी झालेली, कुलूप लावलेलं. त्याच वेळी तू वापरणाऱ्याचं फंक्शन चालवलंस आणि त्यानेही मेमरी मागितली, तर? स्वतःच लावलेल्या कुलपाशी स्वतःच वाट बघत बसायचं, कायमचं. म्हणून फक्त निशाण वर करायचं, हातातली सूचना पुरी करायची, पुढची उचलण्याआधी निशाण बघायचं. एवढंच. की माझंच चुकतंय? हल्ली मला कशाचीच खात्री वाटत नाही.

ही घंटा — वरून, ट्रूस, माझी बायको. खुबा मोडलाय तिचा. आपल्या डेल्फ्ट गावातल्या जुन्या घरांचे जिने म्हणजे शिड्याच. एकटीने उतरायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. साडेदहाला टाके काढायला न्यायचंय तिला. — हो गं, ऐकलं. — झालं, निशाण वर.

काय म्हणत होतो? हं, पुन्हा वाजली. वाजू दे. निशाण एकदा वर झालं की कितीदा दाबलं तरी वरच. किती वेळा दाबलं हे आपण मोजत नाही. ट्रूस म्हणते, रीनुस, तुझंही तसंच आहे. थट्टेत म्हणते. थट्टेतच म्हणत असावी.

तुझी तक्रार मात्र खरी आहे. सूचना एकच, पण तिच्या पोटात पाऊण तासाची आकडेमोड. निशाण वर, आणि बघायला कुणी येतच नाही. तिथे आपण फसलोय. पण उपाय तू म्हणतेस तो नाही. लांब काम करणाऱ्याने स्वतःच मध्येमध्ये थांबावं, मान वर करून बघावं. सोपं आहे — फक्त आठवलं पाहिजे, कारण कामात बुडालेल्याला आपण किती लांबलोय हे कुठे —

कुणाकडे बघते आहेस?

ट्रूस. कोट घालून? एकटी उतरलीस? — टॅक्सी तूच बोलावलीस. दारात आहे? बरं, बरं, मी येतोच, बूट घालतो, फक्त हिला एवढं शेवटचं —

दार लागलं का गं?

हं. तूही जा आता, फेमके. डब्याचं झाकण राहू दे.